खो मिळाल्याशिवाय

स्मिता उकिडवी बसते. पन्नाशीला आलेली बाई, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर, अंगात कडक इस्त्रीची पँट, आणि कुठेही थांबायची वेळ आली की सरळ खाली उकिडवी. लिफ्टची वाट बघताना उकिडवी, हॉकर सेंटरमध्ये जेवायला टेबल रिकामं व्हायची वाट बघताना उकिडवी. आमच्या पुंगोलच्या इमारतीखाली जो मोकळा तळमजला आहे, ज्याला इथे सिंगापुरात व्हॉइड डेक म्हणतात, तिथे पट मांडून बसणारे चिनी काका सुरुवातीला तिच्याकडे वळून वळून बघायचे. आता बघत नाहीत. मी मात्र अजून बघते, कारण माझे गुडघे सोफ्यावरून उठतानाही मला चार शब्द ऐकवतात आणि ही बया अर्धा तास तशी बसून, जमिनीला हात न टेकता, ताडकन उभी राहते.

"खो-खोचे पाय आहेत गं नीता," ती म्हणते. "ते म्हातारे होत नाहीत."

आमची मैत्री एमआरटीतली, म्हणजे इथल्या मेट्रोतली. एकाच इमारतीत राहायचं, एकाच भागात नोकरी, एकाच वेळी निघायचं. मैत्री न होऊन सांगते कोणाला. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. माणसं मात्र कळतात असा माझा समज आहे, आणि स्मिता तर मला पहिल्या महिन्यातच कळली होती. ही बाई बोलावल्याशिवाय कुठेही जात नाही. मंडळाच्या गणपतीत जेवणाची रांग लागली की ही कोपऱ्यात. "अगं घे ना पान," असं कोणी म्हणालं तरच उठणार. ऑफिसात हिच्या हाताखाली शिकलेली पोरं हिच्या पुढे निघून गेली, कारण त्यांनी मागितलं आणि हिने वाट पाहिली. मी चिडून म्हणायचे, "रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, स्मिता." त्यावर ती हसायची. "आई नाही गं ती, मॅनेजर आहे."

यामागचं कारण तिने मला एकदा परतीच्या गाडीत सांगितलं, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. पुण्यात ती कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघात होती. अंतिम सामना होता. बाकीच्या जणींसारखी तीही ओळीत बसलेली, पाठीमागून मैत्रीण धावत येतेय हे पावलांवरून कळत होतं, आणि पाठीला हात लागायच्या आधीच ही उठली. फाउल. पळणारी मुलगी निसटली, ढाल दुसऱ्या संघाकडे गेली. सर ओरडले नाहीत. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले, "तुला कोणी बोलावलं होतं?"

सर कधीच वारले. ती ढाल कुठल्या तरी कपाटात काळी पडली असेल. पण तो प्रश्न मात्र ही सामानाबरोबर सिंगापूरला घेऊन आली.

तिची मुलगी इरा. जन्म इथलाच, शाळा इथली, मराठी समजतं सगळं पण उत्तर देताना जीभ इंग्रजीकडे वळते, तीही इथल्या 'लाह' लावलेल्या इंग्रजीकडे. आठेक वर्षांची असताना खालच्या गवतावर मुलांनी तिला खेळायला घेतलं आणि गोलमध्ये उभं केलं, कारण गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार नव्हतं. इराला ते भलतंच आवडलं. तिचे बाबा प्रबोध पक्के क्रिकेटवाले. ते म्हणाले, "कीपरच ना? ग्लोव्हज आहेत म्हणजे ठीक आहे." झालं, घरातून परवानगी मिळाली.

आता शिकवणार कोण? स्मिताला फुटबॉल येत नव्हता. त्यात व्हॉइड डेकच्या खांबांवर पाट्या: इथे फुटबॉल खेळू नये, चेंडूवर लाल काट. दुसरी एखादी आई क्लास शोधत बसली असती. स्मिताने पाटी नीट वाचली, आणि म्हणाली, "बॉलला बंदी आहे. खो-खोला आहे असं कुठे लिहिलंय?"

मग संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मायलेकींचं सुरू झालं. दोन खांबांच्या मधे इरा उकिडवी. मागे स्मिता. पाठीवर थाप आणि "खो!" की इराने उसळी मारून उजवा नाहीतर डावा खांब गाठायचा. शनिवारी-रविवारी हेच गवतावर, आणि तिथे शेवटी सूर. पळणाऱ्याला बाद करायला खो-खोत खांबाजवळ सूर मारतात ना, तोच. वर्षानुवर्षं हे चाललं. मी भाजीच्या पिशव्या घेऊन तिथून जायचे आणि मनात म्हणायचे, फुटबॉल शिकवायचा सोडून ही काय शिकवतेय? पण पोरीच्या पायांत जी काही ताकद आली ती मला अडाणीलाही दिसत होती. क्लबमध्ये गेली तेव्हा तिथल्या लोकांनी विचारलं, तुला कोणी शिकवलं? इरा म्हणाली, "माय मदर. बट शी डझंट नो फुटबॉल."

आणि मग पंधराव्या वर्षी इराची सिंगापूरच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या संघात निवड झाली.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात मोरोक्को हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडायला लागला. या वयाच्या मुलींचा विश्वचषक सध्या काही वर्षं दरवर्षी तिथेच, आफ्रिकेच्या पार वरच्या टोकाला होतो. तिथे जायचं तर आधी आशियातले पात्रता सामने. तीन संघांचा आपला गट, गटात पहिला येईल तो आशियाच्या मोठ्या स्पर्धेत, आणि तिथले पहिले काही मोरोक्कोला. सिंगापूर तिथवर पोचणं अवघड आहे, हे प्रबोधनी मला चार वेळा समजावलं. पण आपला गट सिंगापुरातच खेळवला जाणार होता, आणि स्मिताने मोरोक्कोत शाकाहारी काय मिळतं हेही शोधून ठेवलं होतं. अशी आशा असली की मला माणसं फार आवडतात.

गटाच्या सामन्यांआधी एक सराव सामना झाला. रविवार होता, स्मिताने मला ओढून नेलं. इरा गोलमध्ये. समोरच्या मुली जवळून कसेही फटके मारोत, ही पोरगी दोन्ही बाजूंना अशी झेपावत होती की माझ्या तोंडून शिट्टी निघाली. पण एक गोष्ट मलाही दिसली. कोणी लांबून उंच चेंडू आपल्या मुलींच्या डोक्यावरून मागे टाकला की गोलकीपरने पुढे धावून तो उचलायचा असतो. इरा उचलत नव्हती. गोलरेषेवर गुडघे वाकवून उभी, नजर चेंडूवर, आणि पाय जागच्या जागी. समोरची मुलगी आरामात यायची आणि गोल. असे दोन गोल झाले.

परत येताना गाडीत इरा खिडकीबाहेर बघत बसली होती. पुंगोल आल्यावर म्हणाली, "कोच सेज आय ऑल्वेज वेट. नूरुल विल प्ले. आय विल सिट." नूरुल म्हणजे संघातली दुसरी गोलकीपर. मग आईकडे न बघता म्हणाली, "आय डोन्ट नो व्हाय, मम्मा. माय लेग्ज जस्ट डोन्ट गो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खाली आले तेव्हा त्यांचा सराव चालू होता. इरा खांबांच्या मधे बसलेली, स्मिता मागे, हात उचललेला, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऑफिसातलं काहीतरी होतं. बोलत बोलत ती पार जिन्यापर्यंत गेली, मीही तिच्याबरोबर उभी राहिले. फोन संपला, मग आम्ही दोघींनी ऑफिसाला मनसोक्त शिव्या घातल्या. वळून बघतो तर इरा तशीच बसलेली. उकिडवी, पाठ सरळ, मान समोर. तिच्या शेजारून एक सायकल गेली, एक कुत्रं वास घेऊन गेलं, पोरगी हलली नाही.

"अगं, उठली का नाहीस?" स्मिता म्हणाली.

इराने मागे वळून साधेपणाने सांगितलं, "यू नेव्हर सेड."

स्मिता खाली बसली. उकिडवी नाही, चक्क मांडी घालून, ऑफिसच्या पँटनिशी, व्हॉइड डेकच्या लादीवर. तिला तसं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोरीचे पाय का हलत नव्हते ते तिला कळलं होतं, आणि मलाही. इतकी वर्षं हिने तिला एकच गोष्ट शिकवली होती: ताकद भरपूर ठेव, पण मी म्हणेपर्यंत उठू नकोस. गोलरेषेवर पोरगी मागून येणाऱ्या हाताची वाट बघत होती, आणि तिच्या मागे नुसती जाळी होती.

"हे मी केलं," स्मिता म्हणाली. "कोचना सांगायला हवं. तिची चूक नाहीये ती."

"सांग मग."

"त्या बोलावतील तेव्हा सांगेन."

मला असा संताप आला म्हणून सांगू! "त्या कशाला बोलावतील तुला? त्यांना काय स्वप्न पडणार आहे? उद्या मीच येते बरोबर, बघू कशी जात नाहीस."

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर आम्ही सरावाच्या मैदानावर गेलो. कोच मिस लिम ही बारीक चणीची, उन्हाने रापलेली बाई, आवाज मात्र मैदानाच्या पार पलीकडे जाणारा. स्मिता कुंपणाच्या फाटकाशी जाऊन बसली. अर्थातच उकिडवी. "सराव संपू दे," म्हणाली. सराव संपला. "मुली जाऊ देत," म्हणाली. मुली बसकडे गेल्या. कोचबाई प्लॅस्टिकचे शंकू एकात एक घालून बॅगेत भरत होत्या, मग त्यांनी बॅगेची चेन ओढली. मी ठरवलं होतं की ढकलायचं नाही. नखं तळहातात रुतत होती, पण ढकललं नाही. बॅग खांद्यावर चढली.

आणि स्मिता उठली. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पाठीला हात लावला नव्हता. ती फाटकातून आत गेली आणि अर्ध्या मैदानातूनच म्हणाली, "एक्सक्यूज मी, मिस लिम, आय ॲम इराज मदर. आय मेड अ मिस्टेक."

मग तिने सगळं सांगितलं. कोचबाईंना खो-खो काय माहीत? तेव्हा ही गवतावर बसली आणि म्हणाली, आता माझ्या पाठीला हात लावा आणि खो म्हणा. त्या बिचकल्या, मग लावला. "खो," त्या जरा दबकत म्हणाल्या. स्मिता अशी उसळली की कोचबाई दोन पावलं मागे सरकल्या.

"वाह्, आंटी," त्या म्हणाल्या. मग हसू आवरून त्यांनी बॅग खाली ठेवली. "सो शी इज वेटिंग फॉर यू."

"येस. नॉट हर फॉल्ट."

"फॉल्ट नेव्हर माइंड. बट शी मस्ट अनलर्न, नॉट यू." त्यांनी एकदा गोलकडे पाहिलं. पहिल्या सामन्यात नूरुलच खेळेल, त्या म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी नूरुलचं वय उलटेल, इरा वयात बसेल. शेवटच्या सामन्यात इराला उतरवते. रेषा सोडून बाहेर आली तर पुढच्या वर्षीची गोलकीपर ती. नाही आली तर मला दुसरी शोधावी लागेल. "अँड आंटी, इन द मॅच, यू डोन्ट से दॅट वर्ड. वन टाइम यू से, आय टेक हर आउट. कॅन?"

"कॅन," स्मिता म्हणाली.

त्यानंतरच्या संध्याकाळी बघण्यासारख्या होत्या. स्मिता मागे उभी, दोन्ही हात पाठीशी एकमेकांत अडकवलेले, ओठ घट्ट. इरा समोर बसलेली. ठरलं होतं की प्रबोध लांबून चेंडू टाकतील, आणि पाटीचा मान राखायचा म्हणून हे सगळं खालच्या गवतावर. पहिल्या दिवशी चेंडू येऊन बाजूला पडायचा आणि पोरगी बसलेलीच. मग ती उठायला लागली, पण भलत्या वेळी. कधी फार लवकर, कधी चेंडू निघून गेल्यावर. ती लवकर उठली की स्मिताच्या घशातून एक आवाज यायचा आणि परत आत जायचा. मुलीला गप्प राहून शिकवणं हे त्या बाईला जितकं जड गेलं तितकं तिचं बाळंतपणही गेलं नसेल.

पहिला सामना झाला. समोर उंच, दणकट मुलींचा संघ, आपण दोन गोलांनी हरलो. त्याच संघाने पुढे तिसऱ्या संघालाही हरवलं, म्हणजे गटातली पहिली जागा गेली. या वर्षीचं मोरोक्को तिथेच संपलं. प्रबोध म्हणाले, "आता शेवटची मॅच नावापुरती." स्मिताने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पाणी आणायला गेले.

शेवटच्या सामन्याला आम्ही जालान बसारच्या स्टेडियमवर गोलच्या मागच्या बाजूला बसलो. स्मिताने पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून दातांत धरलं. "म्हणजे तोंड उघडणार नाही," ती दातांतूनच म्हणाली. मला हसू येत होतं, आणि पहिली शिट्टी व्हायच्या आधीच मी खुर्चीच्या कडेला सरकले होते. गंमत बघा, ज्या मला ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही, त्या माझी ही गत.

सुरुवातीलाच लांबचा चेंडू आला. आपल्या मुलींच्या डोक्यावरून मागे पडला, त्यांची एक मुलगी सुसाट निघाली. स्मिताचा हात माझ्या मनगटावर आवळला. इरा रेषेवर... आणि निघाली. धावत आली, झेपावली, चेंडू छातीशी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं मनगट सुटलं नाही.

थोड्या वेळाने पुन्हा तसाच चेंडू. या वेळी इरा फारच लवकर निघाली. चेंडू टप्पा पडून तिच्या डोक्यावरून गेला, ती मागे वळून धावली, आणि रिकाम्या गोलमध्ये तो हळूच, अगदी सावकाश जाताना आम्ही सगळ्यांनी पाहिला. शून्य-एक. समोरच्या मुली एकमेकींच्या गळ्यात. इरा जाळीतून चेंडू काढत होती आणि तिची मान वर होत नव्हती.

मी स्मिताकडे बघायचं टाळलं. मला माहीत होतं तिच्या कानात कुठला प्रश्न वाजतोय.

मध्यंतर झाल्यावर तिने झाकण तोंडातून काढलं. त्यावर दातांचे ठसे उमटले होते. "आता नाही येणार ती बाहेर," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही आले परत. तीस वर्षं, नीता. एकदा चुकले आणि तीस वर्षं बसून राहिले." तिचे डोळे भरले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले आणि अर्ध्यातच मागे घेतला. त्या पाठीवर हात ठेवायची मला एकदम भीतीच वाटली.

खेळ सुरू झाला तसं तिने झाकण पुन्हा दातांत धरलं. दुसऱ्या भागात आपण बरोबरी केली. कशी ते मला विचारू नका, सगळे उभे राहिले म्हणून मीही उभी राहिले. समोरचा संघ चवताळला. आणि मग आला तो चेंडू, तसाच, मधल्या मुलींच्या डोक्यावरून. त्यांची तीच मुलगी निघाली.

इरा रेषेवर होती. गुडघे वाकलेले. एक क्षण मला व्हॉइड डेकवरची ती पाठ दिसली, सायकल गेली तरी न हललेली. मी शेजारी स्मिताकडे पाहिलं. तिच्या दातांत झाकण नव्हतं, ते खाली पडलं होतं, आणि तिचं तोंड उघडं होतं. एक शब्द. एकाक्षरी. पोरीला नक्की ऐकू गेला असता.

तिने तो म्हटला नाही.

इरा निघाली. मागे कोणी नसताना, कोणी काही न म्हणता, एकदा तोंडावर आपटून झाल्यावर पुन्हा निघाली. समोरच्या मुलीच्या पायाशी सूर मारला, तो पुण्याचा सूर, आणि चेंडू दोन्ही हातांनी दाबून धरला. मी काय ओरडले मला आठवत नाही. स्मिता ओरडली नाही. ती मटकन खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. प्रबोध उभे राहून टाळ्या वाजवत होते, "काय कॅच! काय कॅच!" म्हणत.

त्यानंतर इरा आणखीही बाहेर आली. एकदा उगाचच आली आणि आपल्याच मुलीवर आदळली. पण आली. शेवटी शेवटी आपला दुसरा गोल झाला आणि दोन-एक असे आपण जिंकलो. गटात दुसरे. मोरोक्को नाही.

शिट्टी झाल्यावर मुली मधोमध गोळा होऊन नाचायला लागल्या. इरा मात्र आपल्या गोलमध्येच होती. खांबाशी, उकिडवी बसलेली, हातमोज्यांत तोंड लपवून. जिंकल्यावर रडणारी पोरं मला समजत नाहीत, पण त्या दिवशी समजली.

स्मिता उठली आणि पायऱ्या उतरायला लागली. मी म्हणाले, "अगं, आत सोडतात का? विचारूया तरी." तिने ऐकलं नाही. बाजूचं फाटक ढकलून ती सरळ मैदानात गेली. एक वर्दीतला माणूस "आंटी, आंटी" करत मागे निघाला, मग कोच लिमनी लांबूनच त्याला हात केला आणि तो थांबला.

ती इराच्या मागे जाऊन उभी राहिली. हात पुढे आला, नेहमीसारखा, पाठीच्या दिशेने. मी वरून बघत होते. तो हात पाठीपर्यंत पोचलाच नाही. स्मिताने तो आवरून घेतला आणि इराच्या शेजारी जाऊन, तिच्यासारखीच, उकिडवी बसली. गोलच्या तोंडाशी दोघी तशा कितीतरी वेळ बसून राहिल्या.

मग इरा उठली. आपली आपण. डोळे बाहीला पुसले, एक हातमोजा काढला आणि उघडा हात आईपुढे धरला.

"कम लाह, मम्मा. नेक्स्ट इयर मोरोक्को."

जमिनीला कधीही हात न टेकता उठणाऱ्या माझ्या मैत्रिणीने त्या दिवशी तो हात धरला, आणि त्याच्या आधाराने उठली.